दादासाहेब गप्प बसले तेव्हा

दादासाहेब जहागीरदारांनी विसोबा चिताऱ्याला घर दिलं, रंग दिले, दोन वेळचं जेवण दिलं. फक्त उसंत दिली नाही. तो नदीघाट रंगवायला बसला की हे पाठीशी उभे! "विसोबा, नदी रुंद कर. ती म्हैस जरा गोरी कर." विसोबाला जीव नकोसा झाला.

शेवटी तो म्हणाला, "सरकार, घाट राहू दे. तुमचीच तसबीर काढतो. समोर बसा, पण ओठ हलले की चेहरा बिघडलाच!"

दादासाहेब मिशांना पीळ देऊन आठवडाभर मुकाट बसले. मग उठून बघतात, तर तोच नदीघाट, पुरा झालेला!

"अरे, यात मी कुठे आहे?" ते कडाडले.

विसोबा ब्रश धूत म्हणाला, "आजवरच्या सगळ्या चित्रांत तुम्हीच आहात, सरकार. हे एवढं एक तरी माझं असू द्या!"