अस्सल चपलेची तपासणी

चपलांची भाषा आख्ख्या गावात मला एकट्यालाच येते. येणारच की, एवढ्या चपला पाठीवर दुसऱ्या कुणी खाल्ल्यात?

तर चपला मोठ्यानं बोलायच्या, त्या काळची गोष्ट. एका दुकानात रेक्झिनची चप्पल ऐटीत टांगली होती. जन्म परमुलखातल्या कारखान्यात, अंगावर सोनेरी शिक्का, 'अस्सल कोल्हापुरी'. शेजारची चामड्याची चप्पल खरोखर कोल्हापूरची होती, पण तिला शिक्का नव्हता. म्हणून मालक तिला पोत्यात कोंबायला निघाला.

"अहो मालक, अस्सल मी आहे! तपासणी तरी करा!" ती ओरडली.

शिक्के देणाऱ्या खात्याचे तपासनीस आले, कुत्रेसाहेब. त्यांनी रेक्झिन हुंगलं आणि सटासट शिंकले. मग चामडं हुंगलं, तशी साहेबांची शेपूट हलायला लागली.

"वा! बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं! शंभर टक्के अस्सल!" म्हणत साहेब खाली बसले आणि आधी तिचा अंगठा, मग पट्टा चावून खाऊ लागले.

"बघितलंस?" खरी चप्पल त्यांच्या जबड्यातून म्हणाली. "साहेबांनी मलाच अस्सल ठरवलं!"

"व्हय गं बाई, तूच अस्सल," रेक्झिनची म्हणाली. "पण आता साहेब शिक्का मारणार कशावर?"