येसूचं चुळबुळं रुखवत

झालात का सगळे आडवे? ए, तिच्या अंगावरची चादर ओढू नकोस रे. आणि पाय कोण हलवतंय मघापासून? हलवा, हलवा. आजची गोष्टच मुळी चुळबुळीची आहे.

तर फार लांब, नदी जिथं दोनदा वळते ना, तिथं एक गाव होतं. राजा होता का? होता की! पण त्या दिवसांत तो सासुरवाडीला गेला होता, तेव्हा तो काही आपल्या गोष्टीत यायचा नाही. गोष्टीत आहे एक सुतार आणि त्याच्या दोन मुली. थोरली माळू, धाकटी येसू. आई नव्हती हो पोरींना. येसू पाळण्यात होती तेव्हाच गेली बिचारी. मग माळूनंच येसूला न्हाऊमाखू घातलं, तिच्या वेण्या घातल्या, मांडीवर घेऊन मऊ भात भरवला. येसूला कुणी विचारलं, "तुझी आई कुठाय गं?" तर ती माळूकडे बोट दाखवायची.

या येसूला एक खोड होती. तिचे हात म्हणून स्वस्थ बसायचे नाहीत. समोर जे दिसेल त्याचं ती काहीतरी करायची. दोडक्याची सुसर कर, करवंटीचं कासव कर, मक्याच्या केसांची म्हातारी कर. आणि गंमत म्हणजे, बरं का, तिच्या हातांची चुळबुळ त्या वस्तूंत उतरायची! सुसर सरपटत शेजारणीच्या पिठाच्या डब्यात जाऊन बसायची. म्हातारी उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हातवारे करायची. गावाला काय, सवय झाली होती. येसूनं कुणाला काही करून दिलं की लोक ते घरी न्यायचे आणि आधी दोऱ्यानं खुंटीला बांधून टाकायचे.

मग एकदा काय झालं, माळूचं लग्न ठरलं. नवरा मुलगा नदीपलीकडच्या गावचा. उंच, हसरा. त्यानं माळूला बघितलं, माळूनं त्याला बघितलं, आणि तेव्हापासून माळू भाकऱ्या थापता थापता गाणं म्हणायला लागली. सुतार खूश. सुताराची बहीण, म्हणजे पोरींची आत्या, ती तर काय, कंबर कसून लग्नघरात हजर. फक्त येसूचं कशात लक्ष लागेना. घरभर फिरायची, काहीतरी उचलायची, परत ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "काही नाही."

आता त्या गावची रीत कशी होती, सांगते. मुलीकडच्यांनी रुखवत मांडायचं. रुखवत म्हणजे काय, माहितेय ना? हातानं केलेल्या शोभेच्या वस्तू, मांडवात टेबलावर मांडतात त्या. तर मुलाच्या आईनं, म्हणजे विहीणबाईंनी, ते रुखवत बघायचं आणि "पसंत" म्हणायचं. त्या पसंत म्हणाल्या की मगच नवरानवरीच्या मधे अंतरपाट धरायचा. नाही म्हणाल्या तर वऱ्हाड आल्या वाटेनं परत! आणि या विहीणबाई कशा, तर ताठ मानेच्या. हसताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं.

रुखवत कोण करणार? आई नाही. आत्याला सुईत दोरा ओवता येईना. राहिली येसू.

"पोरी," आत्या म्हणाली, "तुझ्या पाया पडते. तुझी ती भुतं त्या दिवशी तरी जागेवर बसव. बहिणीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"बसवीन," येसू म्हणाली. तिला खरंच बसवायची होती. माळूचं लग्न मोडलं तर?

मग येसू कामाला लागली. श्वास रोखून, दात आवळून, एकेक वस्तू हळूच केली तिनं. काय काय केलं, ऐका. सुपाऱ्यांची माणसं केली. सुपारीचा नवरा, त्याला वेलदोड्याच्या सालीची पगडी. सुपारीचा भटजी, त्याला कापसाची शेंडी. सुपारीचे वाजंत्री, त्यांच्या हातात लवंगेच्या सनया. आल्याचा घोडा केला, पाय जरा वाकडे झाले, पण आलंच ते! भुईमुगाच्या शेंगांचे बैल, बापाच्या रंध्यातून पडलेल्या ढलप्यांची गाडी, तिला वाळक्या लिंबाच्या चकत्यांची चाकं. एका नारळाला डोळे काढले, साबुदाण्याची नथ घातली आणि त्याची केली विहीणबाई. सगळ्यात शेवटी केली सुपारीची नवरी. हिरव्या चिंधीचं लुगडं, दोऱ्याच्या मुंडावळ्या. तिला करताना मात्र येसूच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. तिनं ते परकरानं पुसलं आणि नवरीला नवऱ्याशेजारी उभं केलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव भरला, वऱ्हाड आलं. माळू आत गौरीहरापाशी पूजेला बसली. रुखवत टेबलावर एकदम शहाण्यासारखं उभं होतं. येसू समोर डोळ्यांत तेल घालून उभी. आत्या म्हणाली, "बाई बाई, गप्प बसलीत हो!"

आणि सुपारीच्या नवरीनं नवऱ्याकडे पाठ फिरवली.

येसूनं पटकन तिला सरळ केलं. कुणी बघितलं नाही ना? नाही. विहीणबाई अजून पाय धूत होत्या. येसूनं जरा इकडे बघितलं, जरा तिकडे बघितलं, तेवढ्यात खुडखुड आवाज आला. नवरी ढलप्यांच्या गाडीत चढून बसली होती! शेंगांचे बैल उधळले, लिंबाची चाकं फिरली, आणि गाडी टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून जमिनीवर, पाहुण्यांच्या पायांतून सुसाट. येसू वाकून तिच्या मागं. "अगं, काय शोधतेस?" "काही नाही, कानातलं पडलं!" गाडी सापडली थेट स्वयंपाकघरात, पिठाच्या परातीमागं. येसूनं नवरीच्या अंगावरचं पीठ झटकलं, तिला आणून परत उभं केलं आणि दटावलं, "हलशील तर बघ!"

तोवर विहीणबाई टेबलापाशी पोचल्या. आल्याचा घोडा बघितला. भटजीची शेंडी बघितली. मग त्या नारळाच्या विहिणीसमोर आल्या. त्यांनी नाक मुरडलं. नारळानंही नाक मुरडलं. त्यांनी भुवई चढवली, नारळानं भुवई चढवली. मांडवात कुणीतरी खुदकन हसलं, आणि आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे असू दे," विहीणबाई म्हणाल्या. "नवरा इथं उभा आहे. याची नवरी कुठाय?"

बघतात तर काय, जागा रिकामी! परत गेली बया.

"नवरीवाचून रुखवत? असला अपशकुन मी माझ्या घरात नेणार नाही. मुहूर्ताआधी ती इथं उभी राहिली नाही, तर आम्ही निघालो." असं म्हणून विहीणबाई खुर्चीवर बसल्या, ताठ. सुतार तांब्याभांडं घेऊन त्यांच्या विनवण्या करायला लागला. आत्या कपाळ बडवायला लागली, "सांगत होते मी, या कार्टीच्या हातात काही देऊ नका!"

येसू पळाली. परातीमागं बघितलं, नाही. चुलीमागं बघितलं, नाही. शेवटी ती आतल्या खोलीत गेली. तिथं माळू एकटीच बसली होती, पिवळी साडी नेसून, गौरीहरावर तांदूळ वाहत. आणि तिच्या निऱ्यांत तोंड खुपसून बसली होती सुपारीची नवरी.

"चल," येसू तिला ओढायला लागली. नवरी सुटेना. चिमुकल्या हातांनी तिनं निरी घट्ट धरली होती. येसूला रडूच फुटलं.

"माळूताई, मी नाही गं मुद्दाम केलं. मी तिला गप्प बसवायला बघत होते. पण मला वाटतंय ना, तू जाऊ नयेस. तू अजिबात जाऊ नयेस! तेच तिच्यात उतरलंय."

माळूनं तिला जवळ ओढलं. तिच्या मुंडावळ्या येसूच्या केसांत अडकल्या.

"वेडे, मला नाही का वाटत?" माळू म्हणाली. "सकाळपासून माझे हातपाय गार पडलेत. मला जायचंय गं, मनापासून जायचंय. आणि भीतीपण वाटते. तिथं सगळी त्यांची माणसं. माझं असं एकही तोंड नाही दिसायचं."

येसू हुंदके देता देता थांबली. तिनं नवरीकडे बघितलं. नवरा त्यांचा. घोडा त्यांचा, वाजंत्री त्यांचे, नारळाची विहीण तर त्यांचीच. एवढं सगळं केलं आपण, आणि हिच्या बाजूचं कोण आहे तिथं?

"अगं बाई!" येसू म्हणाली. "पाठराखीणच करायची राहिली!"

पाठराखीण कोण, माहितेय? नवरी पहिल्यांदा सासरी जाते ना, तेव्हा तिच्या सोबतीला माहेरचं एक माणूस जातं, चार दिवस राहतं. ती पाठराखीण.

"ताई, आणि तुझी पाठराखीण कोण ठरलीय?"

माळू खाली बघायला लागली. "कुणी नाही. आत्याचे गुडघे दुखतात. आणि तुला पाठवायचं नाही म्हणाली ती. तुझे हात स्वस्थ बसत नाहीत, सासरी शोभा होईल म्हणाली. मी काही बोलले नाही. आज नाही बोलवत गं मला."

बाहेर भटजी ओरडले, "मुहूर्त जवळ आला हो!"

मग काय विचारता! येसूनं पूजेच्या तबकातली एक सुपारी उचलली. स्वतःच्या परकराची किनार टरकन फाडली आणि तिला नेसवली. काजळाचं बोट टेकवून डोळे काढले. घाईत एक डोळा मोठा झाला, एक बारका. श्वास रोखला नाही, दात आवळले नाहीत, हात जसे धावतील तसे धावू दिले. आणि तिला खाली ठेवली मात्र, ती तुरुतुरु चालत गेली आणि नवरीचा हात धरून उभी राहिली. नवरीनं निरी सोडली.

येसू दोघींना तळहातावर घेऊन मांडवात आली. टेबलावर ठेवल्याबरोबर दोघी चालत चालत नवऱ्यापाशी गेल्या. नवरी त्याच्या शेजारी उभी राहिली, तिच्या मागं ही बारक्या डोळ्याची. लवंगेच्या सनया पीं पीं वाजल्या.

विहीणबाई उठून जवळ आल्या. "ही दुसरी कोण?"

"पाठराखीण," येसू म्हणाली. तिचे हात परकराच्या फाटक्या काठाशी नुसते खेळत होते. "हिच्याशिवाय नवरी उभी राहत नाही. आणि आमच्या ताईबरोबर मी येणार आहे. माझे हात स्वस्थ बसत नाहीत, हे आधीच सांगते."

"गप गं कार्टे!" आत्या किंचाळली.

विहीणबाई त्या दोन सुपाऱ्यांकडे बघत राहिल्या, बघतच राहिल्या. मग त्या खूप हळू म्हणाल्या, "मी सासरी आले तेव्हा माझ्याबरोबर कुणी नव्हतं. पाणी कुठं ठेवतात, हे विचारायलासुद्धा कुणी नव्हतं. मी दिवसभर तहानलेली बसले होते."

त्यांनी पदरानं नाक पुसलं. नारळानंही पुसलं असतं, पण त्याला पदर कुठला! आणि मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पसंत! अंतरपाट धरा!"

लागलं मग लग्न, वाजतगाजत. सुतार रडला, आत्या जेवली, माळूची गाडी नदीपार गेली आणि गाडीत माळूच्या शेजारी येसू.

नव्या घरात पहिल्या दिवशी माळूनं येसूचा हात सोडला म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी सोडला, पण दर घडीला बघायची, येसू आहे ना? तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याशी बोलता बोलता खळखळून हसली आणि येसू कुठाय हे बघायचं विसरली. येसूनं ते ऐकलं. तिला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

मग निघायचा दिवस आला. बाप गाडी घेऊन न्यायला आला. माळू अंगणापर्यंत आली, येसूला कुरवाळलं, तिच्या वेण्या सारख्या केल्या. दोघींचे डोळे भरले. आता दोघी गळ्यात पडून रडणार, तेवढ्यात माळू एकदम ओरडली, "अगं बाई, माझं दूध!" आणि धावत आत गेली. चुलीवर ठेवलं होतं ना, उतू चाललं होतं.

येसू अंगणात उभीच राहिली. माझं दूध, म्हणाली ताई. तिनं डोळे पुसले, हसली, आणि उडी मारून बापाच्या शेजारी गाडीत बसली. "चला आबा," म्हणाली, "ताई रुळली तिच्या घरात."

माळू तिच्या घरी सुखात राहिली, येसू आपल्या घरी सुखात राहिली, सणावाराला दोघी भेटत राहिल्या. गोष्ट गेली नदीपार, आपण राहिलो अंथरुणात. मिटा डोळे. पाय हलले तर हलू देत, झोप लागली की राहतील आपोआप.