तिसऱ्या पंगतीतला पाहुणा

फार फार पूर्वी मूलद्रव्यांच्या गावात एक रीत होती. प्रत्येकाच्या घरी इलेक्ट्रॉन जेवायला यायचे. पहिल्या पंगतीत दोन पानं, पुढच्या पंगतींत आठ-आठ, आणि शेवटची पंगत पूर्ण भरल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही.

सोडियमरावांच्या घरी दोन पंगती भरल्या होत्या, पण अकरावा पाहुणा तिसऱ्या पंगतीत एकटाच बसला होता. सगळे उपाशी! आणखी सात पाहुणे शोधत सोडियमराव गावभर फिरले. डोकं इतकं तापलेलं, की कोणी पाणी विचारलं तरी भडका उडे.

शेजारचे निऑनपंत ओट्यावर ढेकर देत होते. "दोन आणि आठ. आमचं आटोपलं बुवा!" म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

तेवढ्यात क्लोरीनबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "माझ्या तिसऱ्या पंगतीत एकच पान रिकामं आहे हो! तुमचा एक पाहुणा द्या."

"माझेच सात कमी आहेत, आणि तुम्ही आहे तोही मागता?" सोडियमराव कडाडले.

तेव्हा तो एकटा पाहुणाच उठला. "मालक, मी गेलो की तुमची शेवटची पंगत दुसरी. ती केव्हाची भरलीय!"

सोडियमरावांनी वळून पाहिलं. आठही जण निवलेल्या भाताकडे केविलवाणे बघत होते.

पाहुणा गेला आणि दोन्ही घरी जेवणं सुरू झाली. सोडियमराव आणि क्लोरीनबाई त्या दिवशी एकमेकांना चिकटले ते कायमचे. त्या जोडीला लोक मीठ म्हणतात, आणि पंगत बसली की पानात सगळ्यात आधी तेच वाढतात.