बोहनीच्या आधी

"मग कार्ड बंदच करून टाकू का, तात्या?"

केरबा तात्यांनी अजून दुकानाच्या सगळ्या फळ्याही काढल्या नव्हत्या. एक फळी त्यांच्या हातात होती.

"आधी ही धर," ते म्हणाले.

अभिनंदनने फळी धरली, भिंतीला लावली आणि पुन्हा तिथेच उभा राहिला. मी पायरीवर पेपर उघडून बसलो होतो. सकाळी तिथे मी असतोच.

अभिनंदन चौगुले जुन्या पितळेचा धंदा शिकला तो कोल्हापुरातल्या याच दुकानात. ओतीव कुठलं आणि ठोकीव कुठलं, हे तात्यांनी त्याला डोळे मिटून बोटांनी ओळखायला लावलं होतं. पुढे त्याने मोबाइलवर स्वतःचं दुकान थाटलं. गेल्या दिवाळीत तो इथून विड्याच्या सामानाचा एक पितळी डबा, पानपुडा, विकत घेऊन गेला, तो आज उगवला. शिष्य मोठे झाले की सणावारीच दिसतात, त्यात त्याचा वेगळा दोष नाही.

"बस की," तात्या म्हणाले.

तो बसला. रात्रभर झोपला नसावा. दाढी वाढलेली, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली.

"कार्ड म्हंजे ते घासायचं, तेच न्हवं?"

"आता घासत नाहीत. नंबर टाकतात. पैसे आधी मधल्या कंपनीकडे जातात, ती आपला वाटा कापून घेते आणि मग उरलेले मला देते."

"मग बरं हाय की."

"बरं कसलं, तात्या! गिऱ्हाइकाने दोन-तीन महिन्यांनी बँकेला नुसतं कळवलं, की वस्तू सांगितल्यासारखी नाही, तर ते पैसे माझ्या खात्यातून परत ओढतात. मला विचारतात, नाही असं नाही. ऐकतात मात्र त्याचं."

"फोन करून बगितलास?"

"केला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. दाबतोच आहे."

तात्या हसले नाहीत. त्यांनी फडका घेतला आणि फळीवरच्या तांब्यांवरून फिरवायला सुरुवात केली. त्यांचेही गुडघे हल्ली बोलतात. एक तांब्या पुसला की ते थोडा दम खातात.

"मग दुसऱ्या वाटेनं घे पैसे."

"यूपीआय आहे. त्यात आले ते आले. पण माझं निम्मं गिऱ्हाईक परदेशातलं, त्यांच्यातल्या बहुतेकांना ते जमत नाही. आधी बँकेत भरा म्हटलं, तर कधी न पाहिलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? इथल्यांना वस्तू पोचल्यावर पैसे द्या म्हटलं, तर खोकं दारातूनच परत येतं. वर कोपरा चेपलेला."

तात्यांनी पुढचा तांब्या उचलला.

"कार्ड बंद केलं तर दुकान निम्मं बंद. ठेवलं तर रोज धाकधूक. बायको म्हणते, सोडा हे आणि नोकरी बघा. मलाही आता तसंच वाटायला लागलंय." त्याने डोळे चोळले. "मला अशी एक वाट सांगा, की पैसे एकदा आले की परत जाणार नाहीत."

"घावली तर मलाबी सांग," तात्या म्हणाले.

मी पेपर चेहऱ्यासमोर धरला. थकलेल्या माणसाच्या समोर हसू नये.

"पिशवीत काय हाय?"

अभिनंदनने पिशवीत हात घातला आणि पानपुडा काढून तात्यांच्या पुढ्यात ठेवला. दिवाळीत नेलेला तोच. असा लखलखत होता की सकाळच्या उन्हात त्याच्याकडे नीट बघवेना.

"लई झळाळतोय."

"मशीनवर पॉलिश केला. फोटोत उठून दिसावा म्हणून."

"आन् गिऱ्हाईक काय म्हनतं?"

"म्हणतो, हा जुना नाहीच. नवा करून जुन्याच्या भावाने विकला. फसवलं." अभिनंदनचा आवाज बारीक झाला. "पैसे परत घेतले आणि डबा पाठवून दिला. टपालखर्च माझ्याच माथी."

तात्यांनी झाकण उघडलं. चुन्याच्या खणातून करंगळी फिरवली आणि उजेडात धरली. करंगळी स्वच्छ होती.

"हितं चुना हुता."

"वाळून दगड झाला होता. खरवडून काढला."

"झाकनावरच्या मोराची मान झिजल्याली हुती. उघडताना अंगठा तितंच पडायचा."

"ती आहे की अजून."

तात्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला. मान, पिसारा, चोच, सगळीकडे.

"आता सगळाच मोर झिजलाय," ते म्हणाले.

...

अभिनंदन जमिनीकडे बघत होता. मग त्याने विचारलं.

"तात्या, हा... जुनाच होता ना?"

तो हे विचारायलाच आला होता. कार्डाचं पुराण नुसतं वर झाकायला होतं. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. ज्यांनी बोट धरून पितळ ओळखायला शिकवलं, त्यांना हा प्रश्न!

तात्यांना पुष्कळ सांगता आलं असतं. डबा कुणाच्या घरातला, कुणाच्या पानाचा, कसा हाती आला. त्यांना सगळं तोंडपाठ असतं, मी ऐकलेलं आहे.

"किती दिलं हुतंस?" त्यांनी विचारलं.

अभिनंदनने आकडा सांगितला. तात्यांनी गल्ला ओढला, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या आणि पुढे केल्या.

"अहो, मी पैसे मागायला नाही आलो."

"मग डबा कशाला आनलास? घे. माल पटला न्हाई, पैसं माघारी. हे दुकान असंच हाय."

अभिनंदनने नोटा घेतल्या. पण त्या हातातच राहिल्या.

"तुम्ही मला काही विचारलंसुद्धा नाहीत. नुसत्या माझ्या बोलण्यावर?"

"तुज्या त्या बँकेनं तरी गिऱ्हाइकाला काय विचारलं?"

या वेळी मला हसू आवरलं नाही. अभिनंदनलाही नाही, पण त्याचं हसू लगेच विरलं. त्याने डब्याकडे पाहिलं.

"हा आता कोण घेणार, तात्या? जुनं बघणारा याला नवा म्हणणार आणि नवं घेणारा पानपुडा कशाला घेईल? मी त्याचं..."

"काळा पडंल परत."

"किती वर्षं जातील त्यात!"

"मला कुटं घाई हाय," सत्तरी ओलांडलेले तात्या म्हणाले.

...

"मग कार्डाचं काय करू? ठेवू की बंद करू?"

"नोटा आधी खिशात घाल."

त्याने हात खिशाकडे नेला आणि मध्येच थांबवला. तो गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीकडे बघत होता. उदबत्ती लावलेली नव्हती. उंबऱ्यावर पाणीही शिंपडलेलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला.

"तात्या... बोहनी झाली होती?"

"न्हाई."

पहिली विक्री झाल्याशिवाय गल्ल्यातून पैसा बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे बाजारात शेंबडं पोरही जाणतं. तात्या तर यात भलतेच कडक. चहावाल्यालासुद्धा ते बोहनीनंतरच पैसे देतात. एकदा उसने मागायला आलेल्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत या पायरीवर बसवून ठेवलं होतं. मेव्हणा माझ्या शेजारीच होता. आणि हे सगळं अभिनंदनला शिकवलं तेही त्यांनीच.

"हे धरा." अभिनंदनने नोटा पुढे केल्या. "धरा, तात्या. मी दुपारी येतो, नाहीतर उद्या येतो. तुमचा आजचा दिवस खोटा जाईल."

तात्यांनी नोटांकडे पाहिलंही नाही.

गुडघ्यावर हात देऊन ते सावकाश उठले. उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, उदबत्ती पेटवून तसबिरीला ओवाळली. मग पानपुडा दोन्ही हातांनी उचलला आणि सकाळची पहिली नोट लावतात तसा कपाळाला लावला. समोरच्या फळीवर त्याला मधोमध जागा केली.

"तात्या, पण बोहनी..."

"झाली की," तात्या म्हणाले. "तू माघारी आलास."