सड्यावर घातलेलं खत

एकदा एका शिष्याला आपल्या गुरूंचा इतका राग आला, की तीन दिवस तो त्यांच्या पंगतीला बसला नाही. गुरूही काही कमी संतापलेले नव्हते. फक्त त्यांचा संताप हातांतून बाहेर पडत होता आणि शिष्याचा तोंडातून.

गुरूंचं घर कोकणातल्या एका गावाच्या माथ्यावर, सड्याला लागून होतं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. आठ महिने तो तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात खळग्यांतली बोटभर माती भिजली, की त्याच कातळावर निळी सीतेची आसवं येतात, पांढरे गेंद येतात आणि भाद्रपदात गुलाबी तेरडा. गावातल्या बायका हा तेरडा मुळासकट काढून गौर म्हणून घरी नेत. गावाची गौर सड्यावरून यायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती.

गुरू दोन वर्षांसाठी तीर्थाटनाला निघाले. जाताना शिष्याला एवढंच म्हणाले, "सडा सांभाळ."

आता सांभाळ म्हटलं, की काही माणसांना स्वस्थ बसवत नाही. शिष्य शेतकऱ्याच्या घरचा, अंगाने धट्टाकट्टा. भाताची रोपं कशी वाढवतात ते त्याने लहानपणापासून पाहिलेलं. वैशाखात वाफ्यावर शेण, पाला आणि गवत पसरून पेटवायचं, म्हणजे भाजावळ करायची, मग रोप जोमाने वर येतं. सड्यावरची इवलीइवली रोपं पाहून त्याचा जीव तुटला. एवढ्या उपाशीपोटी ही फुलतात, तर पोटभर मिळाल्यावर काय करतील, असं त्याच्या मनात आलं आणि तो कामाला लागला. ओढ्याकाठची गाळाची माती डोक्यावरून वर नेली, शेणखत नेलं, दोन्ही वैशाखांत भाजावळ केली. खांदे सोलवटले, मान आखडली. पण सडा हिरवागार झाला आणि त्या हिरव्या रंगाकडे पाहताना त्याला आपल्या कष्टांचं सार्थक झाल्यासारखं वाटे.

गुरू परतले ते नेमके गौरी यायच्या आदल्या दिवशी. पाय धुतात न धुतात तोच गावातली मैनाकाकी चार बायकांना घेऊन दारात उभी.

"गुर्जी, गवर कुठनं आणायची वं आमी?" ती म्हणाली. "वर निस्ता टाकळा माजलाय नि कमरेएवढं गवात. तेरड्याचं एक रोप नाय. गेल्या साली शेजारच्या गावातनं मागून आणली. आपल्या गावाची गवर, नि ती दुसऱ्याच्या दारातनं मागायची?"

गुरू सड्यावर जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात घरोघर गौरी बसत असताना त्यांनी फावडं उचललं आणि जिथे हिरवळ सर्वांत दाट होती, तिथेच माती खरवडायला सुरुवात केली. थेट कातळ लागेपर्यंत.

शिष्य धावत आला. "गुरुजी, हे काय चालवलंय?"

"दिसतंय ना."

"दोन वर्षं मी ही माती डोक्यावरून वाहिली आहे."

"तेही दिसतंय."

शिष्य तणतणत निघून गेला. तीन दिवस म्हातारा एकटा खरवडत राहिला आणि तो लांबून दातओठ खात पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. त्याने येऊन फावड्याचा दांडा धरला.

"तुम्हाला माझं चांगलं केलेलं बघवत नाही," तो म्हणाला. "इथे नुसता दगड होता. उजाड. मी तो हिरवा केला, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत त्याची माती करताय."

गुरूंनी कंबर सरळ केली. "उजाड? चल माझ्याबरोबर."

सड्याच्या टोकाला, जिथवर शिष्याची माती पोचली नव्हती, तिथे ते त्याला घेऊन गेले. ओल्या कातळावर रुपयाएवढं लाल रोप होतं. त्याच्या चिकट पानावर एक चिलट अडकलं होतं.

"हा दवबिंदू. या मातीत पोटाला पुरेसं मिळत नाही, म्हणून हा चिलटं धरून खातो. याचं असं जमलेलं आहे. इथे कस नाही म्हणून गवत शिरत नाही, टाकळा शिरत नाही, आणि म्हणूनच या लहानांना जागा आहे. तू वाढलेलं ताट यांच्या वाट्याला आलंच नाही. ते दांडग्यांनी खाल्लं आणि मग ते यांच्याच उरावर बसले. यांना उपाशी समजून भरवायला धावलास. भूक आहे का, हे एकदा तरी वाकून पाहिलंस? तुझ्या कष्टांवर माझा राग नाही. या न पाहण्यावर आहे."

शिष्याने वाकून ते चिलट पाहिलं. मग त्याने विचारलं, "परत येईल सगळं?"

"खाली बी असेल. काही कुजलंही असेल. माती काढल्याशिवाय कळणार नाही. आणि मी असेपर्यंत येईलच, असंही नाही."

शिष्याचा राग गेला नव्हता. पण आता तो कुणावर काढायचा, हे त्याला कळलं होतं. त्याने घमेलं उचललं. "ही माती टाकू कुठे?"

"खाली, भाताच्या खाचरात. तिथे ती हवी आहे."

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही खरवडलेल्या सड्यावर काही आलं नाही. मैनाकाकी येता-जाता त्याला टोमणे मारी आणि तो ते मुकाट्याने ऐकून घेई. तिसऱ्या वर्षी गेंद दिसले. चौथ्या वर्षी भाद्रपदात, गुरू जाऊन सहा महिने झाल्यावर, एका खळग्यात तेरड्याचं वीतभर रोप आलं. एकच, आणि त्याला दोन फुलं.

गौरीच्या दिवशी मैनाकाकी सूप घेऊन वर आली. शिष्याने तिला ते रोप दाखवलं. गौरीला एवढं एक रोपही पुरतं, हे त्याला ठाऊक होतं. ती रोपापाशी वाकली, हात पुढे केला आणि तशीच थांबली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बी पडू दे त्याचं."

मग सूप काखोटीला मारून ती शेजारच्या गावाच्या वाटेला लागली, गौर मागून आणायला.