निम्मं, पण कुणाचं?

हवामान परिषदेत विकसनशील देशांच्या बाजूने बसलेल्या इंदुमती गावीत पुरत्या गोंधळल्या होत्या. समोर एका श्रीमंत देशाचे मंत्री टेबलावर हात आपटून म्हणत होते, "आम्ही आमचा धूर निम्मा करतो. तुम्हीही निम्म्यावर या, नाहीतर करार मोडला!"

"निम्म्यावर म्हणजे कुणाच्या निम्म्यावर?" इंदुमतींनी चाचरत विचारलं.

"आमच्या!" मंत्री खेकसले. "माणशी जेवढा आमचा, तेवढाच तुमचा. न्याय सगळ्यांना सारखा!"

"मग आमची सही आत्ताच घ्या," इंदुमती म्हणाल्या. "फक्त तिथवर पोचायला आम्हाला धूर दुप्पट करावा लागेल, तेवढी परवानगी द्या."

दुभाष्यांचं भाषांतर कानांत पोचलं तसतसा सभागृहात हशा पसरला. मंत्री गोंधळून आपलेच कागद चाळू लागले. संध्याकाळी ती अट त्यांनी स्वतःच मागे घेतली.