गळा आवळलेली करवत

फार फार वर्षांपूर्वी, झाडे आपली उंची आपणच ठरवत आणि माणसे कुणाला न विचारता थापा मारत, तेव्हाची ही गोष्ट आहे. हिच्यात मात्र थाप एकही नाही. असलीच तर अगदी लहान आहे.

नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा सुतार राहत होता. दोघांनी दोन टोके धरून करवत ओढत बसायचे, हे त्याला मुळीच आवडत नसे. म्हणून त्याने आपल्या पडवीत बैलगाडीच्या चाकांएवढी दोन चाके एकावर एक उभी केली. पोलादाची लांब दातेरी पट्टी घेतली, तिची टोके जोडून कडे केले आणि ते दोन्ही चाकांवर चढवले. खालचे चाक ओढ्याच्या पाण्याने फिरे, पट्टीबरोबर वरचेही फिरे आणि पट्टीपुढे ओंडका सरकवला की काकडी चिरावी तशी फळी निघे. पट्टी डुलू नये म्हणून तिच्या दोन्ही अंगांना म्हशीच्या शिंगाचे ठोकळे होते. ही करवत पाहायला राजाचा हत्ती रांगेत उभा राहिला होता, असे लोक म्हणतात. आपण कशाला नाही म्हणायचे!

हैबतीची बायको सगुणा गावची सुईण होती. त्यांची लेक नदीपलीकडे दिलेली, आणि तिचे दिवस भरत आले होते. पलीकडे सुईण नव्हती. त्यात गावची जुनी नाव फुटली आणि नदीचे पाणी रोज चढू लागले. हैबतीने नव्या नावेचा सांगाडा उभा केला. तळाच्या फळ्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्यासाठी सागाचा एक ओंडका होता. एकच. दुसरा आणावा, तर सागाचे रानही नदीपलीकडेच.

आणि नेमकी तेव्हाच करवत तिरकी चालू लागली.

पहिली फळी निघाली ती एका कडेला भाकरीएवढी जाड आणि दुसऱ्या कडेला पापडाएवढी पातळ.

"माजलीय ही," हैबती म्हणाला. "आत्ता सरळ करतो."

त्याने शिंगाचे ठोकळे आवळले. करवत किंचाळली आणि तशीच तिरकी गेली. मग त्याने ठोकळ्यांची आणखी एक जोडी बसवली, त्यांच्यामागे पाचरी ठोकल्या, वरून काथ्याने करकचून बांधले. पट्टी तापली, लाकडातून धूर निघाला आणि दुसरी फळीही वाया गेली. आता अजून एक बिघडली असती, तर नावेचा तळ पुरा झाला नसता.

पण हैबतीचा तोरा काही उतरेना. तो करवतीवरच ओरडला, "बोल की गं! काय दुखतंय तुला?"

करवत म्हणाली, "क्रींऽऽऽ!"

सगुणा दारात उभी होती. "वा, कारभारी! गळा आवळून वर विचारताय, काय दुखतंय!"

"अगं, सरळ जात नाही म्हणून तर धरलीय तिला."

"अडलेल्या बाईला चौघींनी दाबून धरलं, तर मूल कसं आलंय ते मला कळेल का? मी आधी सगळ्यांना बाजूला काढते. सोडा तिला."

"सोडली तर उडून माझं नाक नेईल!"

"मग पाणी बंद करा आणि चाक हातानं फिरवा. आणि नाकाचं म्हणाल, तर थोडं गेलं तरी पुष्कळ उरेल."

एरवी हैबतीने ऐकले नसते. पण लेक त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. त्याने ओढ्याचे पाणी अडवले, काथ्या कापला, पाचरी उपटल्या, ठोकळे एकूण एक मागे सारले. करवतीने लांब श्वास घेतला. मग त्याने हलक्या हाताने चाक फिरवले. पट्टी वरच्या चाकावर सरकत सरकत थेट काठाशी गेली.

"बघ आता, बाबा," करवत म्हणाली. "माझ्या अंगात खोड नाही. वरचं चाक कलंडलंय. ते नेईल तिकडं मी जाते. तू माझ्याशी भांडत बसलास, पण एकदाही मान वर करून बघितलं नाहीस."

हैबतीने मान वर केली. चाकाचा आस ज्या खाचेत बसे, ती खाच एका बाजूने झिजली होती. घाईघाईत मऊ लाकडाची खाच केली होती त्यानेच! त्याने आसाखाली लहानशी पाचर सारली. पट्टी आपली आपण चाकाच्या मध्यावर येऊन चालू लागली. मग त्याने तिला ताण दिला आणि शिंगाचे दोनच ठोकळे परत जवळ आणले. तेही असे, की मधून वाळके पान सहज जावे.

"एवढंच होतं?" त्याने विचारले.

"एवढंच," करवत म्हणाली. "पण तू ऐकायला मोकळा कुठं होतास?"

ओढ्याचे पाणी सुटले, ओंडका पुढे सरकला. फळी अशी सपाट निघाली, की तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवला, तर कुठल्या अंगाला ओघळावे ते त्याला कळेना.

नदी काठोकाठ भरली त्याच दिवशी नाव पाण्यात उतरली. आत थेंबभरही पाणी आले नाही. नावाड्याने सगुणेला पलीकडे पोचवले आणि हैबती अलीकडे काठावर बसून राहिला. उजाडता उजाडता पलीकडून जावयाने थाळी बडवल्याचा आवाज आला. लेक सुखरूप सुटली होती, मुलगी झाली होती.

या गोष्टीतून घ्यायचे ते इतकेच: जे वाकडे चालते, त्याला आवळण्याआधी मोकळे सोडून पाहावे, म्हणजे वाकडेपण नेमके कुठे आहे ते दिसते.